एका घरात दोन मॅट्रिक

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजात थोडी चीड, थोडे हसू. "अक्का, पुन्हा बहात्तर साल आलं गं!"

झाले होते असे की तिची नात त्या वर्षी पहिलीत गेली. नातू तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. सुनेने त्याची पहिलीची पुस्तके तपकिरी कागदाच्या वेष्टणासकट जपून ठेवली होती, धाकटीला होतील म्हणून. आणि नेमका त्याच जूनपासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आपल्याकडचा शाळेतला पहिला टप्पा तो. दादाची पुस्तके चालणार नाहीत, असे शाळेतून सांगितल्यावर पोरगी रडायला लागली. तिला नवी पुस्तके नको होती, दादाचीच हवी होती!

पुस्तकांचा खर्च आता तिच्या घराला जाणवण्यासारखा नाही. पण "बहात्तर साल" हे दोन शब्द ऐकले आणि मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीला ते साल म्हणजे फक्त दुष्काळाचे साल. ते तर होतेच. पण आम्हा तिघा भावंडांच्या लेखी ते आणखी एका गोष्टीचे साल आहे. ती एकदा नीट लिहून ठेवावी म्हणून हा प्रपंच.

आधी थोडा इतिहास. (शिक्षिकेची खोड, चालवून घ्या.)

आपल्याकडे ‘मॅट्रिक’ हा शब्द आला तो मुंबई विद्यापीठाबरोबर. विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली आणि त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते, हे आपण शाळेत शिकलो. पुढे ही परीक्षा विद्यापीठाकडून निघाली, १९४९ पासून एस.एस.सी. सुरू झाली. पण लोकांच्या तोंडी शब्द राहिला तो मॅट्रिकच. मी १९६७ साली अकरावीची एस.एस.सी. पास झाले तेव्हा आईने शेजारीपाजारी पेढे वाटताना "मोठी मॅट्रिक झाली" असेच सांगितले. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. अकरा वर्षे शाळा, मग कॉलेजात एक वर्ष प्री-डिग्री आणि पुढे तीन वर्षांची पदवी.

देशभर मात्र एकसारखेपणा नव्हता. कुठे शाळा दहा वर्षांची, कुठे अकरा, कुठे त्याहून जास्त. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९६६ मध्ये त्याने अहवाल दिला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने १०+२+३ हा आकृतिबंध देशासाठी ठरवला. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण आणि त्यात गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे, असा आयोगाचा आग्रह होता.

महाराष्ट्राने हा बदल जून १९७२ मध्ये आठवीपासून सुरू केला. १९७२ ला आठवी नवी झाली, १९७३ ला नववी, १९७४ ला दहावी. त्या वर्षी जी मुले आठवीत आली ती नव्या गाडीत बसली. जी नववीत गेली ती जुन्या गाडीत, आणि त्यांच्यामागे त्या गाडीला डबाच नव्हता.

आता आमच्या घरात या. सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. अण्णा एका अडत दुकानात दिवाणजी. आई, आजी, मी, भाऊ आणि बेबी. भाऊ बेबीपेक्षा एका इयत्तेने पुढे. जून १९७२ मध्ये भाऊ नववीत गेला आणि बेबी आठवीत. सरकारने रेघ ओढली ती नेमकी या दोघांच्या मधून.

आमच्या घरात पुस्तके विकत घ्यायची पद्धतच जवळजवळ नव्हती. थोरल्या चुलतभावाची पुस्तके माझ्याकडे यायची, माझी भाऊकडे, भाऊची बेबीकडे. बदललेले एखादे पुस्तक तेवढे अर्ध्या किमतीत जुने शोधायचे. पुस्तकात शाईने लिहायचे नाही, पेन्सिलीने लिहिले तरी वर्षाअखेर खोडून द्यायचे, हा अण्णांचा दंडक. भाऊचे आठवीचे भूगोलाचे पुस्तक उघडले की पहिल्या पानावर एकाखाली एक तीन नावे दिसायची. बेबीने त्याखाली आपले नाव आधीच, मे महिन्यातच, लिहून टाकले होते. जूनमध्ये शाळेत गेली आणि कळले की यातले एकही पुस्तक उपयोगाचे नाही.

विचार करा, त्या एका जूनमध्ये राज्यातल्या किती घरांतली आठवीची पुस्तके रद्दी झाली असतील! पुढच्या जूनला नववीची, त्याच्या पुढच्या जूनला दहावीची. आणि हे सगळे कोणत्या वर्षी? तर पाऊस पडला नाही त्या वर्षी. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडचे माण, खटाव होरपळून निघाले होते. बाजारात मालच येईना, तर अडत दुकानात दिवाणजीला काम काय असणार? घरात मिलोच्या भाकरी चालू झाल्या. त्या लालसर भाकरीची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

माझी नोकरी नेमकी त्याच जूनमध्ये लागली. बी.ए., बी.एड. होऊन मी गावातल्याच हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायला लागले. त्यामुळे हा बदल मी दोन्ही बाजूंनी पाहिला, फळ्याच्या आणि चुलीच्या.

शाळेत सगळ्यांत जास्त धांदल गणिताच्या शिक्षकांची. नव्या गणितात ‘संच’ आला होता. संयोग, छेद, वर्तुळात वर्तुळे. वीस-वीस वर्षे शिकवलेली माणसे रात्री जागून दुसऱ्या दिवशीचा धडा समजून घेत होती. घरी तर आणखी मजा. अण्णा म्हणजे हिशेबात पक्के, पावकी-निमकी तोंडपाठ. एका संध्याकाळी त्यांनी बेबीची गणिताची वही हातात घेतली, पाने उलटली आणि गंभीरपणे विचारले, "बाळ, यात हिशेब कुठे आहे?" आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून त्यांनी बेबीच्या गणिताला हात लावला नाही. आम्हा दोघांना त्यांनीच शिकवले होते. तिला शिकवणारे घरात कोणी उरले नाही. मी तर वरच्या वर्गात गणित आणि शास्त्र दोन्हींना रामराम ठोकून मॅट्रिक झालेली. जुन्या अकरावीत तशी सोय होती.

भाऊची अडचण वेगळीच. तो अभ्यासात बेताचा. नववीत नापास झाला असता तर पुढच्या वर्षी नववीच नवी होणार होती. म्हणजे आठवीचा नवा अभ्यासक्रम न शिकता नव्या नववीत बसायचे, आणि तेही धाकट्या बहिणीच्या शेजारी! तो मला एकदा म्हणाला, "अक्का, मी नापास झालो तर मला मागे जायला वर्गच नाही." चौदा वर्षांच्या मुलाचे ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. एप्रिल १९७३ मध्ये आमच्या शिक्षकांच्या बैठकीतही हाच प्रश्न निघाला, की नापास करायचे तर पाठवायचे कुठे? बरीच मुले वर चढवली गेली. भाऊही त्यांतलाच असावा असे मला वाटते, पण मी ते कधी विचारले नाही आणि त्यानेही कधी सांगितले नाही.

असे करत करत १९७४ चा मे उजाडला. आणि अण्णांच्या लक्षात आले की पुढच्या मार्चमध्ये घरात दोन मॅट्रिक आहेत. जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी, दोघांची परीक्षा १९७५ सालीच. भाऊ एकीत, बेबी दुसरीत.

दोन मुलांचे दहावी-अकरावीचे वर्ष एकदम आले की काय होते ते आजच्या पालकांनाही कळेल. पण तेव्हा पुस्तकांचे दोन वेगळे संच, दोन परीक्षा फी, आणि दोघांत सामाईक असा फक्त डोक्यावरचा एक दिवा. भाऊचे प्रश्न बेबीला उपयोगाचे नाहीत, बेबीच्या वह्या भाऊला नाहीत. महागाई तर विचारू नका. आजी अंथरुणाला खिळलेली, आईला घरात हाताखाली माणूस हवे. माझा पगार येत होता, हे खरे. पण माझे लग्न ठरत आले होते आणि तो पगार त्यासाठी बाजूला पडत होता.

त्याच महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला होता. ८ मेपासून वीस दिवस. घरोघरी गाड्यांचीच बोलणी. एका रात्री जेवणे झाल्यावर अण्णा म्हणाले, "भाऊची गाडी शेवटची आहे, ती चुकली तर पुन्हा नाही. बेबीची दर वर्षी सुटणार आहे. तिने एक वर्ष थांबावं."

अण्णा दुष्ट नव्हते, हे मला आवर्जून लिहायचे आहे. मुलीला कशाला शिकवायचे, असे म्हणणाऱ्यांतले असते तर मी बी.ए. कशी झाले असते? त्यांचा हिशेब दिवाणजीचा होता आणि आकडेमोडीत चूक नव्हती. पण एक वर्ष थांबलेल्या मुलीचे दुसरे वर्ष येतेच असे नाही, हेही आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. आमच्या आळीतच तशा दोघी-तिघी होत्या. एक वर्षासाठी थांबल्या आणि मग लग्न होऊन गेल्या.

आई म्हणाली, "आणि भाऊ मुलगी असता तर?" अण्णांनी उत्तर दिले नाही.

आणि मी? मी अण्णांच्या बाजूने बोलले. "एकच वर्ष तर आहे," असे म्हणाले. शाळेत मुलींना सावित्रीबाईंचा धडा शिकवणारी मी! माझ्या लग्नाचे पैसे या बोलण्यात येऊ नयेत, ही भीती त्याच्या मुळाशी होती. ते तेव्हा मी स्वतःशीही कबूल केले नाही. आज पन्नास वर्षांनी करते आहे.

बेबी काही बोलली नाही. उठली आणि भांडी घासायला गेली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नव्या दहावीच्या एका तुकडीची मी वर्गशिक्षिका होते. नववी पास झालेल्यांची नावे हजेरीपटावर आपोआप चढलेली, त्यात बेबीचेही होते. पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते. तिचे नाव आले तेव्हा वाचावे की सोडावे असा क्षणभर विचार केला. वाचले. मागच्या बाकावरून आवाज आला, "हजर."

मी मान वर केली. गेल्या वर्षीचा गणवेश, भाऊची जुनी दप्तराची पिशवी. माझ्याकडे पाहतही नव्हती. मी पुढचे नाव घेतले.

संध्याकाळी अण्णांनी विचारले, "बेबी दिवसभर कुठे होती?" आईने चुलीवरची नजर न काढता सांगितले, "अक्काच्या वर्गात." त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटले, उद्या बोलतील. दुसऱ्या दिवशी ते दुकानातून आले ते काखेत चार जाड खतावण्या घेऊन. लाल कापडी बांधणीच्या, कोऱ्या, कडा पिवळ्या पडलेल्या. पान उघडले तर तीन उभे रकाने छापलेले: रुपये, आणे, पै.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. दुकानात आधी छापून ठेवलेल्या खतावण्या जागच्या जागी बाद झाल्या आणि सतरा वर्षे माळ्यावर पडून होत्या. त्या वर्षी वह्यांची टंचाई होती, मिळाल्या तर महाग. मालकांना विचारून अण्णांनी त्या उचलून आणल्या. बेबीपुढे ठेवत म्हणाले, "मी चाळिशीत पैसे शिकलो. तूही शीक तुझे ते संच."

एवढेच. ना समेट, ना भाषण. पण सरकारचा बदल आपल्या कामाच्या मुळावर येतो म्हणजे काय, हे त्या घरात अण्णांइतके कोणी भोगलेले नव्हते, हे मला त्या दिवशी समजले. उभ्या जन्माची पावकी-निमकी एका तारखेला निकामी झालेली त्यांनी पाहिली होती. महिनोन्महिने आण्याचे पैसे करताना दिवसाअखेर मेळ बसत नसे, असे आई सांगायची.

बेबीने ते वर्ष त्या खतावण्यांत काढले. रुपयांच्या रकान्यात प्रश्न, आण्यांच्या रकान्यात पायऱ्या, पैच्या रकान्यात उत्तर. संचांची वर्तुळे मात्र तिन्ही रकान्यांवर पसरलेली. विज्ञानाच्या आकृत्याही त्यातच. भाऊ एका भिंतीला टेकून, बेबी दुसऱ्या, मध्ये दिवा. माझे लग्न त्या हिवाळ्यात व्हायचे ते मेपर्यंत पुढे गेले. मी सासरच्यांना काय कारण सांगितले ते आता आठवत नाही, पण खरे सांगितले नव्हते एवढे आठवते.

१९७५ च्या जूनमध्ये निकाल लागले. भाऊ जेमतेम सुटला, पण सुटला. बेबीला चांगले गुण मिळाले, गणितात तर वर्गात वरच्या पाचांत. मग आणखी एक गंमत झाली. दहावीनंतरची दोन वर्षे शाळेत की कॉलेजात, या वादातून आपल्याकडे ‘ज्युनियर कॉलेज’ हा प्रकार जन्माला आला आणि त्याची पहिली अकरावी त्याच जूनमध्ये सुरू झाली. भाऊ प्री-डिग्रीला आणि बेबी अकरावीला, दोघे एकाच वेळी, एकाच इमारतीत! अकरावी पास झालेला मुलगा आणि अकरावीत बसलेली मुलगी एकाच दिवशी कॉलेजात पहिले पाऊल टाकतात, हे आजीला शेवटपर्यंत समजले नाही.

बेबीने पुढे शास्त्र घेतले. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून तिने तीस वर्षे नोकरी केली. जुन्या पद्धतीत ती असती तर बहुधा माझ्यासारखीच गणित-शास्त्र सोडून मॅट्रिक झाली असती. म्हणजे ज्या बदलाने तिची पुस्तके हिरावली, त्यानेच तिला नोकरीचे दार उघडून दिले. माझ्या हाताखालून नंतर गेलेल्या कितीतरी मुलींचे तसेच झाले. आणि त्याच सक्तीच्या गणितात अडकून शाळा सोडलेल्या मुलीही मी पाहिल्या. त्यांची नावेही माझ्या हजेरीपटावर होती, पुढे त्यांच्यापुढे रेघ आली. दोन्ही खरे आहे. म्हणून १०+२+३ चांगले की वाईट, असे कोणी विचारले की मला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

एक मात्र नोकरीच्या छत्तीस वर्षांत पक्के झाले. अभ्यासक्रम बदलतो तेव्हा त्याची चर्चा पुस्तकांवर, भाषेवर, गुणांवर होते. ती व्हायलाच हवी. पण घरात तो बदल भावंडांच्या मधोमध येऊन पडतो. एका घरात एकाच वेळी सगळ्यांना पुढे नेता येत नाही, अशी वेळ आली की कोणीतरी म्हणतेच, "हिने एक वर्ष थांबावं." आणि ते थांबणे कुठल्याच अहवालात नोंदले जात नाही. आमच्याकडेही नोंदले गेले नसते. बेबीने "हजर" म्हटले म्हणून.

आता पुन्हा आकृतिबंध बदलतो आहे. ५+३+३+४ असे त्याचे नवे नाव. तो टप्प्याटप्प्याने वर सरकेल आणि घराघरांतून एक मूल रेघेच्या अलीकडे, दुसरे पलीकडे राहील. शिक्षिका म्हणून मी तरुण आईवडिलांना एवढेच सांगीन, की या काळात मागच्या मुलाकडे लक्ष ठेवा आणि पुढच्याकडेही. दोघांची अडचण वेगळी असते आणि दोघांनाही ती नीट सांगता येत नाही.

बेबीची नात आता रुळली आहे. दादाची जुनी पुस्तके तिने टाकू दिली नाहीत. ती ‘शाळा-शाळा’ खेळताना वापरते, आणि विद्यार्थी म्हणून दादाला बसवते. दादा बसतो म्हणे.

जाता जाता एक विचारायचे आहे. त्या चार खतावण्यांपैकी तीन कधीच वाळवीने खाल्ल्या. चौथी आईच्या ट्रंकेत होती आणि ट्रंक भाऊच्या घरी गेली. भाऊ गेल्यापासून ती कोणी उघडली आहे की नाही, ठाऊक नाही. पोरांनो, तुमच्यापैकी कोणी माळ्यावर चढाल तेव्हा बघा. लाल कापडाची बांधणी आहे, आत वर्तुळे आहेत. सापडली तर बेबीला द्या, मला नको.